एका कुटुंबाची साक्ष : ‘माउस’ वाचताना

आमच्या धर्मग्रामातील एक महाविद्यालयीन तरुण गेल्या उपवासकाळात आमच्याकडे आला आणि एक जाडजूड पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाला, “फादर, मुलाने स्वतःच्या बापाविषयी असे लिहावे का? वाचून सांगा.” आम्ही पाने चाळली. आत सगळी चित्रेच होती : उंदीर, मांजरे, डुकरे, कुत्री आणि त्यांच्या तोंडचे संवाद. ‘चांदोबा’ आणि ‘अमर चित्र कथा’ वाचून वाढलेल्या आमच्या पिढीला चित्रकथा म्हणजे मुलांचे वाचन, असेच वाटत आले आहे. साहजिकच ते पुस्तक आठवडाभर तसेच पडून राहिले. पुढे हाती घेतले तेव्हा मात्र ते दोन रात्रींत संपले, आणि त्या तरुणाला काय उत्तर द्यावे हे ठरविण्यास त्याहून कितीतरी अधिक दिवस लागले. प्रस्तुत लेख म्हणजे ते उत्तर होय.

पुस्तकाचे नाव ‘माउस’. जर्मन भाषेत माउस म्हणजे उंदीर. त्याचे लेखक व चित्रकार आर्ट स्पीगलमन हे अमेरिकन ज्यू. त्यांचा जन्म १९४८ साली स्टॉकहोम येथे झाला. त्यांचे आईवडील आन्या आणि व्लादेक हे मूळचे पोलंडमधील ज्यू. दोघेही ऑश्वित्झच्या छळछावणीतून जिवंत परतलेले. न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या या मुलाने उतारवयातील वडिलांसमोर टेपरेकॉर्डर ठेवून त्यांची कहाणी वदवून घेतली आणि चित्रांतून मांडली. पुस्तकाचा पहिला भाग १९८६ साली व दुसरा १९९१ साली प्रसिद्ध झाला. १९९२ साली त्याला पुलित्झरचे विशेष पारितोषिक देण्यात आले. चित्रकथेला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

ऑश्वित्झ म्हटले की आपल्या वाचकांना संत मॅक्सिमिलियन कोल्बे आठवतात. दुसऱ्या कैद्याच्या जागी मरण पत्करून १४ ऑगस्ट १९४१ रोजी त्यांनी तेथे देह ठेवला. ही आठवण आपण जपली हे योग्यच झाले. परंतु त्या छावणीत जी सुमारे ११ लाख माणसे मारली गेली, त्यांतील सुमारे १० लाख ज्यू होती, हे आपल्या प्रवचनांतून क्वचितच सांगितले जाते. ‘माउस’ या १० लाखांची गोष्ट सांगत नाही. ते एकाच कुटुंबाची गोष्ट सांगते, आणि म्हणूनच ती आपल्या मनात शिरते.

व्लादेक हे सोस्नोव्हिएत्स गावाच्या परिसरातील कापड व्यवसायातले होतकरू तरुण. आन्या श्रीमंत घरातील, सुशिक्षित, नाजूक प्रकृतीची. दोघांचे लग्न झाले, रिश्यू नावाचा मुलगा झाला, सासऱ्यांच्या साहाय्याने कारखाना उभा राहिला. १९३९ साली जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले आणि तेथून पुढे एकेक दार बंद होत गेले. आधी कारखाना गेला, मग घर गेले, मग माणसे जाऊ लागली. एके दिवशी गावातील सर्व ज्यूंना नोंदणीसाठी मैदानात जमविण्यात आले. एका बाजूला जगण्यास योग्य ठरलेले, दुसऱ्या बाजूला नेण्यासाठी निवडलेले. व्लादेक यांच्या वडिलांना योग्य बाजू मिळाली होती. मात्र चार मुलांची आई असलेली आपली लेक पलीकडच्या बाजूला उभी आहे हे त्यांनी पाहिले. एकटी ती मुलांना कशी सांभाळील, या एका विचाराने तो म्हातारा हळूच पलीकडे गेला. त्यानंतर त्या सर्वांना कोणीही पाहिले नाही. स्पीगलमन यांनी हा प्रसंग अगदी थोड्या चौकटींत संपविला आहे. संगीत नाही, अश्रू नाहीत. आमच्या मते साऱ्या ग्रंथातील ही एक अत्यंत थोर जागा होय.

रिश्यूला सुरक्षित राहावा म्हणून आन्याच्या बहिणीकडे, तोशाकडे, पाठविण्यात आले होते. १९४३ साली तेथील वस्तीही रिकामी करण्याचा हुकूम निघाला. तोशाने गळ्यात विष बाळगलेले असे. मुलांना विषारी वायूच्या कोठडीत जाऊ द्यायचे नाही, असा निर्धार करून तिने आपल्या पोटची मुलगी, भाची आणि रिश्यू यांना विष दिले व स्वतःही घेतले. आत्महत्येविषयी व जीवहत्येविषयी ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे आणि आम्ही ती आयुष्यभर शिकवीत आलो. तरीही या पानावर थांबून त्या स्त्रीचा न्याय करण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. तिच्या आत्म्यासाठी आम्ही प्रार्थना केली आणि पान उलटले.

व्लादेक व आन्या तळघरांत, माळ्यांवर, पैसे घेऊन आसरा देणाऱ्या पोलिश लोकांच्या घरी लपून राहिले. हंगेरीत पोहोचविण्याचे आमिष दाखविणाऱ्यांनी त्यांना धोका दिला आणि १९४४ साली दोघांची रवानगी ऑश्वित्झला झाली. तेथे कथिलकाम, चांभारकाम, इंग्रजी शिकविणे, जे जमेल ते आणि जे न येईल तेही शिकून व्लादेक जगले. आन्या शेजारच्या बिर्केनाऊ छावणीत होती. तिला भाकरी व चिठ्ठी पोहोचविण्यासाठी त्यांनी अनेकदा जीव धोक्यात घातला. युद्ध संपल्यावर दोघे पुन्हा सोस्नोव्हिएत्सला भेटले. मागे उरलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. व्लादेक यांच्या भावंडांपैकी पिनेक हा एकच भाऊ वाचला होता.

आता या प्राण्यांविषयी. पंचतंत्र व इसापनीती यांचा संस्कार झालेल्या मराठी वाचकाला पशुकथा नवी नाही. आपल्याकडील कोल्हा लबाड असतो, गाढव मूर्ख असते, आणि शेवटी तात्पर्य असते. ‘माउस’मध्ये ज्यू हे उंदीर, जर्मन हे मांजर, पोलिश हे डुक्कर आणि अमेरिकन हे कुत्रे आहेत, परंतु येथे प्राण्यावरून स्वभाव ओळखता येत नाही. नाझी प्रचारात ज्यूंना घाणीत वाढणारे उंदीर म्हणून रंगविले जाई, आणि विषारी कोठड्यांत वापरलेले रसायन मुळात कीटकांचा नाश करण्यासाठी बनविलेले होते. स्पीगलमन यांनी शत्रूने दिलेली ती शिवीच उचलली आणि त्या उंदरांना आई, बाप, जावई, सासू केले. दहा पानांनंतर वाचकाला उंदीर दिसेनासा होतो, माणूस दिसू लागतो.

या योजनेतील विसंगती लेखकाने लपविलेली नाही. पोलिश असल्याची बतावणी करीत व्लादेक रस्त्याने जातात तेव्हा उंदराच्या तोंडावर डुकराचा मुखवटा दोरीने बांधलेला दिसतो. आन्याच्या मागे मात्र लांब शेपूट लोंबताना दिसते, कारण तिच्या चेहऱ्यावरून ती ओळखली जाई. आपण जर्मन आहोत असे ओरडून सांगणारा एक कैदी एका चौकटीत उंदीर तर दुसऱ्या चौकटीत मांजर आहे. वंश ही माणसाने माणसावर बांधलेली गोष्ट आहे, हे सांगण्यास याहून सोपे चित्र आम्हांला ठाऊक नाही.

पोलिश लोकांना डुक्कर का केले, हा प्रश्न मात्र उरतो. पोलंड हा आपल्यासारख्याच श्रद्धावंत कॅथॉलिक कुटुंबांचा देश. तेथे २००१ साली या ग्रंथाचे भाषांतर निघाले तेव्हा त्याचा तीव्र निषेध झाला. आम्हांलाही ती चित्रे खुपली. मार्कोवा गावच्या उल्मा कुटुंबाने आठ ज्यूंना घरात लपविले, आणि २४ मार्च १९४४ रोजी त्या सर्वांसह आईवडील व लेकरांना ठार मारण्यात आले. १० सप्टेंबर २०२३ रोजी त्या कुटुंबाला धन्यवादित घोषित करण्यात आले. हे पोलिशच होते. तथापि युद्ध संपल्यानंतर आपली बेकरी परत मागण्यास गेलेल्या एका ज्यूला गावातील पोलिश लोकांनी फासावर लटकविल्याचे ‘माउस’मध्ये येते, तेही खोटे म्हणता येत नाही. चित्र खुपते म्हणून साक्ष नाकारावी, हे आपल्याला शोभणारे नाही.

आणि त्याच डुकराच्या रूपात या ग्रंथात एक धर्मगुरू येतो. छावणीत आल्यावर व्लादेक पार खचलेले असतात. हा पोलिश कॅथॉलिक धर्मगुरू, तोही कैदीच, त्यांच्याजवळ येतो आणि त्यांच्या हातावर गोंदलेला क्रमांक पाहतो : १७५११३. तो हिब्रू परंपरा जाणणारा आहे. आरंभीचा १७ हा यहुदी परंपरेत शुभ अंक आहे, असे तो सांगतो. शेवटचा १३ म्हणजे ज्यू मुलगा धर्मदृष्ट्या प्रौढ होतो ते वय. आणि सर्व अंकांची बेरीज होते १८. हिब्रूमध्ये ‘जीवन’ या शब्दाची अक्षरे मोजली तर हीच संख्या येते. माझे काय होईल ते मला ठाऊक नाही, पण तू यातून जिवंत सुटशील, असे तो व्लादेक यांना खात्रीने सांगतो. त्यानंतर व्लादेक यांनी त्याला कधी पाहिले नाही. मात्र जेव्हा जेव्हा धीर सुटू लागे तेव्हा ते आपल्या हाताकडे पाहत आणि पुन्हा ती बेरीज करीत.

या पानावर आम्ही फार वेळ रेंगाळलो. सेमिनरीत आम्ही जुना करार शिकलो, थोडेसे हिब्रूही शिकलो. ते परीक्षेपुरते राहिले. त्या अनाम धर्मगुरूने ते एका ज्यू माणसाला जगविण्यासाठी वापरले, आणि तेही त्या माणसाच्याच परंपरेच्या भाषेत. ख्रिस्तसभेने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६५ साली ज्यू धर्माशी असलेले आपले नाते आदराने मांडले. पोप जॉन पॉल दुसरे हे १९८६ साली रोमच्या सिनेगॉगमध्ये गेले. त्यांच्या काळात, १९९८ साली, ज्यूंच्या संहाराविषयीचा ‘आम्ही स्मरण करतो’ हा दस्तऐवज निघाला. या साऱ्याच्या कितीतरी आधी, छावणीच्या चिखलात, या एका धर्मगुरूने ते कार्य करून ठेवले होते. त्याचे नाव कोणत्याही पंचांगात नाही. एका ज्यू बापाने ते स्मरणात ठेवले आणि मुलाने चितारले म्हणून आज ते आपल्याला कळते.

येथवर सर्व ठीक. आता त्या तरुणाला अस्वस्थ करणाऱ्या गोष्टीकडे वळू. इतके सोसलेला माणूस शेवटी ऋषितुल्य झाला असेल, अशी आपली अपेक्षा असते. ‘माउस’मधील वृद्ध व्लादेक तसे मुळीच नाहीत. ते कमालीचे चिक्कू आहेत. रस्त्यात पडलेली तार उचलून खिशात घालतात. अर्धे संपलेले खाद्यपदार्थांचे खोके दुकानात परत नेतात. दुसरी पत्नी माला हिला ते घालूनपाडून बोलतात. तीही छावणीतून वाचलेलीच आहे. सून वाटेत एका कृष्णवर्णीय माणसाला गाडीत घेते तेव्हा ते भयंकर संतापतात. नाझी ज्यूंविषयी बोलत तसेच तुम्ही बोलता, असे सून सुनावते. पण दोहोंत काही साम्य आहे हे त्यांना पटतच नाही. दुःख माणसाला आपोआप शुद्ध करीत नाही. ख्रिस्ताच्या दुःखसहनावर अनेक प्रवचने केलेल्या आमच्यासारख्याला हे मान्य करणे जड गेले, परंतु धर्मग्रामातील तीस वर्षांचा अनुभवही हेच सांगतो. दुःखाबरोबर कृपा लागते, आणि कोणीतरी ऐकून घेणारे लागते.

ऐकून घेणारा तरी कसा आहे? स्पीगलमन यांनी स्वतःलाही सोडलेले नाही. मुलगा अधीर आहे. वडिलांना औषधाच्या गोळ्या मोजताना पाहून चिडतो, घरकामात मदतीला बोलावले की टाळतो, गोष्ट मात्र हवी असते. १९६८ साली आन्याने आत्महत्या केली. तिने युद्धानंतर आपली सारी कहाणी वह्यांत लिहून ठेवली होती. मुलगा मोठा झाल्यावर त्याने ती वाचावी, अशी तिची इच्छा होती. मुलगा त्या वह्यांचा शोध घेत राहतो, आणि पहिल्या भागाच्या शेवटी व्लादेक कबूल करतात की पत्नीच्या मृत्यूनंतर आठवणी असह्य होऊन आपण त्या वह्या जाळून टाकल्या. मुलगा बापाला खुनी म्हणतो आणि निघून जातो. ज्यांना हिटलर मारू शकला नाही अशा एका स्त्रीचे शब्द तिच्यावर जिवापाड प्रेम करणाऱ्या नवऱ्याने नष्ट केले. त्यामुळे या साऱ्या ग्रंथात आन्या आहे, पण तिचा आवाज नाही. व्लादेक सांगतील तेवढीच ती आपल्याला दिसते. समीक्षकाच्या नात्याने आम्ही याला ग्रंथातील उणीव म्हणणार नाही. ही रिकामी जागाच या ग्रंथाचा मध्य आहे.

स्मृती आणि इतिहास यांतील अंतरही लेखकाने प्रामाणिकपणे दाखविले आहे. ऑश्वित्झच्या दारात कैद्यांचा वाद्यवृंद वाजत असे, अशी नोंद मुलाने वाचलेली असते. व्लादेक म्हणतात, असे काही आठवत नाही. चित्रात मग कैद्यांच्या रांगा अशा चालतात की वाद्यवृंद त्यांच्या आड झाकला जातो. वरून वाद्यांची टोके तेवढी दिसतात. मुलाने वडिलांना खोटे ठरविले नाही आणि इतिहासही सोडला नाही.

आता मुख्य दोष. आरंभीच्याच प्रकरणात व्लादेक आपल्या तारुण्यातील एका मुलीशी असलेल्या संबंधांविषयी बोलतात आणि नंतर मुलाला विनवितात की हे खाजगी आहे, याचा छळाशी काही संबंध नाही, हे पुस्तकात घालू नकोस. मुलगा हात वर करून वचन देतो. आणि ते सगळे पुस्तकात आहे. वचन देण्याचा प्रसंगसुद्धा! व्लादेक १९८२ साली वारले. ग्रंथाचा पहिला भाग पुस्तकरूपाने निघाला तो त्यानंतर चार वर्षांनी. पापनिवेदनाच्या गोपनीयतेला बांधलेल्या आमच्यासारख्या माणसाला ही गोष्ट सहज गिळता येत नाही. चौथी आज्ञा आईवडिलांचा मान राखण्यास सांगते. मग काय म्हणावे?

उत्पत्तीच्या पुस्तकातील नोहाची कथा येथे आम्हांला आठवली. महापुरातून कुटुंबासह वाचलेला तो माणूस. मानवजातीच्या त्या पहिल्या संहारातून बचावल्यावर त्याने द्राक्षमळा लावला, मद्य पिऊन तो तंबूत उघडा पडला. हामने ते पाहून बाहेर सांगितले. शेम आणि याफेथ पाठमोरे चालत आले आणि बापाकडे न पाहता त्यांनी त्याला वस्त्राने झाकले. लहानपणापासून आपण या दोन मुलांना चांगले म्हणत आलो. स्पीगलमन मग हाम ठरतात काय? आम्हांला तसे वाटत होते. पण एक गोष्ट ध्यानात आली. नोहा उघडा पडला होता हे आपल्याला ठाऊक आहे, कारण पवित्र शास्त्राने ते लिहून ठेवले. याकोबाची लबाडी, दावीदाचे पाप, हेही त्याच लोकांनी आपल्या पूर्वजांविषयी लिहिले आणि प्रार्थनेत वाचले. तंबूत झाकणे हे पुत्राचे कर्तव्य होते. ग्रंथात सांगणे हे साक्षीदाराचे. एकाच माणसावर ही दोन्ही कर्तव्ये येतात तेव्हा त्याची ओढाताण कशी होते, ते ‘माउस’मध्ये दिसते.

म्हणून आमचा निर्णय असा. व्लादेक यांचा चिक्कूपणा, संताप, वर्णद्वेष लिहिणे योग्यच होते. त्याविना ते एका संहाराचे पुतळे झाले असते आणि आपण त्यांना हार घालून मोकळे झालो असतो. परंतु दिलेले वचन मोडणे हा दोष होय आणि तो कलेच्या नावाखाली पुसला जात नाही. लेखकाने वचन दिल्याचे चित्र काढून आपला दोष आपणच वाचकांपुढे ठेवला, हे आम्ही त्यांच्या बाजूने मोजतो. हे निवेदन झाले. परतफेड मात्र झाली नाही, कारण ज्याला द्यायची तो माणूस उरला नव्हता.

या ग्रंथावर दुसऱ्याही एका प्रकारे वस्त्र टाकण्याचा प्रयत्न झाला. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यातील एका परगण्याच्या शाळा मंडळाने काही अपशब्द व नग्नता यांचे कारण देऊन तो आठवीच्या अभ्यासक्रमातून काढून टाकला. मुलांच्या हाती काय द्यावे हे पाहणे पालकांचे कामच आहे, आणि दहा वर्षांच्या मुलाला आम्हीही हे पुस्तक देणार नाही. पण लाखो मुलांना जेथे विषारी वायूने मारले त्या काळाच्या कथेत आपल्याला शिवी तेवढी दिसावी, याचे आश्चर्य वाटते.

ग्रंथाच्या अखेरच्या पानावर व्लादेक अंथरुणावर पडले आहेत. बोलून थकले आहेत. टेपरेकॉर्डर बंद कर, असे सांगून ते कूस बदलतात आणि समोरच्या मुलाला रिश्यू म्हणून हाक मारतात. तो मुलगा जिवंत असता तर पन्नाशीकडे झुकला असता. खाली व्लादेक व आन्या यांच्या थडग्याचे चित्र आहे आणि ग्रंथ संपतो. मुलाने हाक दुरुस्त केली की नाही, हे लेखक सांगत नाहीत. आमच्या मते त्याने ती केली नसावी. त्या क्षणी तो पुत्र होता. साक्षीदार नंतर झाला.

तेव्हा त्या तरुणाला आमचे उत्तर इतकेच. बापाविषयी लिहावे, खरे लिहावे, पण आधी त्याच्याजवळ बसून ऐकावे. आणि जे पाळता येणार नाही ते वचन देऊ नये. आपल्या घरांतही अनेक आजीआजोबा न ऐकलेल्या गोष्टी घेऊन बसले आहेत, आणि अनेक वह्या कपाटांत पडून आहेत. आन्याच्या वह्या जळाल्या. त्या जळेपर्यंत कोणी वाचावयास मागितल्या नव्हत्या. पुस्तक त्याला येत्या रविवारी मिस्सानंतर परत करीत आहोत. त्याचे वडीलही सोबत असतात. हा लेख त्यांनाही वाचावयास द्यावा, असे सांगू.